जमनाचा नादुरुस्त माग

अंबरनाथ,
८ जानेवारी १९५९

प्रिय जयदेव,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता आमच्या शाळेच्या शिपायाकडून लिहून घेतला. जन्मात पहिल्यांदा अशी लबाडी केली. रागावू नकोस. मजकूर मात्र माझ्याच हातचा आहे, आणि मराठीतच आहे. बराकीच्या पायरीवर बसून तुला ही लिपी मीच शिकवली, ती तू विसरला नसशील असं धरून चालले आहे.

हे पत्र जमनाअदीबद्दल आहे. इथपर्यंत वाचून तू ते घडी घालून ठेवशील, तर कृपा करून तसं करू नकोस. तुझी सख्खी थोरली बहीण, जिला तुझ्यामागून मीही सिंधीत अदी, म्हणजे ताई, म्हणू लागले, आणि पाच वर्षं तू घरात तिचं नाव घेऊ दिलं नाहीस. ती कलकत्त्याला काय करत होती, परत कधी आली, कशी राहिली, यातलं काही तुला माहीत नाही. ते तुला कळावं एवढ्यासाठी लिहीत आहे. शेवटी एक मागणंही आहे. पण ते आधी लिहिलं तर तू तेवढंच वाचशील आणि हो किंवा नाही ठरवून मोकळा होशील. मला तसं नको आहे. मी अदीच्याच खोलीत बसले आहे, इथे अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चाळीत. सकाळपासून माणसं येतात, थोडा वेळ बसतात, उठतात. मधे जरा उसंत मिळते तेवढ्यात मी चार ओळी लिहिते. म्हणून कुठे धागा तुटला तर समजून घे.

अदीची हार्प, ते तारांचं विलायती वाद्य, कराचीहून आली तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास, त्यामुळे बोटीवरचा तो प्रकार तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. बाकीच्यांनी ट्रंका आणल्या, शिलाईची यंत्रं आणली, आणि तुझ्या बाबांनी आपल्या ग्रामोफोनच्या दुकानातलं सगळं सोडून माणसाएवढ्या उंचीचं ते एक खोकं आणलं. खूबचंदचं डोकं फिरलं, असं सगळी बोट म्हणत होती. बाबा मला एकदा म्हणाले होते, “बेटी, ट्रंक पुन्हा मिळते. हे कुठे मिळणार?” एक इंग्रज कुटुंब विलायतेला परत जाताना बाबांनी ती लिलावात घेतली होती, का घेतली ते त्यांना स्वतःलाच सांगता येत नसे. मग कॉन्व्हेंटमधल्या एका आयरिश सिस्टरने अदीला ती वाजवायला शिकवली. सिस्टर म्हणायच्या, हे देवदूतांचं वाद्य आहे. अदी म्हणायची, “मला देवदूत एकही भेटला नाही गं, सैनिक मात्र पुष्कळ भेटले.” लढाईच्या दिवसांत अमेरिकन सैनिक बाबांच्या दुकानात जॅझच्या तबकड्या विकून जात. अदी त्या पुन्हा पुन्हा लावायची आणि त्यांतली चाल हार्पवर शोधायची. ज्या वाद्यावर फक्त प्रार्थना वाजवायच्या, त्यावर ती नाचाचा ठेका आणू बघत होती. सिस्टरना कळलं तेव्हा त्यांनी तिचे कान धरले, पण नंतर दार लावून म्हणाल्या, पुन्हा वाजव बघू.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते निर्वासितांच्या कॅम्पच्या त्या लष्करी बराकीत. आई तुमच्याकडे दूध घालायला यायची आणि मी किटली धरून मागे. गोणपाटाचा पडदा सरकला आणि आत ते धूड उभं. आई दारातच थबकली. “अगो बाय, तुम्ही कोष्टी हाव का? केवढा मोठा माग ह्यो!” तुम्ही सगळे हसलात. पण तीच चूक पुढे सरकारने केली, आणि त्या चुकीने हार्प वाचली. आठवतं? एका कुटुंबाला किती जागा हे मोजायला ते साहेब आले होते. एवढ्या जागेत दोन माणसं झोपतील, हे काढा, असं त्यांनी फर्मावलं. मग त्यांनी तारा पाहिल्या, पायाने दाबायच्या खालच्या पायट्या पाहिल्या, आणि आपणच म्हणाले, “हातमाग आहे होय! उपजीविकेचं साधन असेल तर राहू द्या. आठवड्याला किती वार कापड निघतं?” बाबा हात जोडून म्हणाले, “साहेब, हा माग जरा उलटा आहे. यात सूत घालायचं नसतं. यातून निघतं ते हातात धरता येत नाही.” साहेबांनी अदीला चालवून दाखवायला सांगितलं. तिने वाजवलं. साहेब बराच वेळ टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि जाताना त्यांनी लिहून नेलं, माग एक, नादुरुस्त. त्यानंतर दरवर्षी कुणीतरी विचारायला यायचं, माग दुरुस्त झाला का? आणि तुझी अम्मा गंभीर चेहऱ्याने सांगायची, अजून नाही.

मुंबईच्या त्या हॉटेलात रिबेलो मास्तरांच्या बँडमध्ये तिला काम मिळालं, तेव्हा हार्प स्टेशनपर्यंत न्यायची कशी हा प्रश्न पडला. कुळगावाहून आमचे आण्णा बैलगाडी घेऊन आले. गाडीत भाताचा पेंढा भरला, पेंढ्यात हार्प आडवी निजवली आणि वरून पुन्हा पेंढा. अदी शेजारी चालत होती आणि प्रत्येक खड्ड्याला “हळू, हळू” म्हणत होती. आण्णा शेवटी वैतागले. “बाई, माजं बैल बाळंतीन न्यायला शिकलेलं हायत. तुमी गप ऱ्हावा.” दर पावसाळ्यात बँडला सुट्टी असे तेव्हा हार्प तशीच पेंढ्यात बसून परत यायची. दमट हवेत तारा तटातट तुटायच्या आणि विलायती तारा मिळायच्या नाहीत. मग बाबा कल्याणच्या पिंजाऱ्याकडून कापूस पिंजायच्या धनुकलीची तात आणून बसवायचे. ती बरी वाजायची, पण अदी म्हणे, या तारेला रजईचा वास येतो.

तू तिला बँडमध्ये कधी ऐकलं नाहीस, जयदेव. मी ऐकलं. मॅट्रिक झाले त्या वर्षी तिने मला दुपारच्या चहाच्या वेळेला नेलं होतं. दारूबंदी आल्यापासून हॉटेल निम्मं रिकामं असायचं. पारशी म्हातारी जोडपी केक खात बसलेली, आणि मी कोपऱ्यात, आईच्या लुगड्यात, अंग चोरून. आधी नुसते तिचे हात दिसले आणि मला वाटलं, सिस्टर म्हणत होत्या ते खरंच. मग ढोल आणि ट्रंपेट सुरू झाले आणि मी तिच्या पायांकडे पाहिलं. त्या सात पायट्यांवर तिचे पाय असे धावत होते की आपल्या कॅम्पातली शिवणाची बाई आठवली. सूर बदलायचा तर पायाने बदलायचा असतो, आणि जॅझमध्ये तो क्षणाक्षणाला बदलतो. हात स्वर्गात आणि पाय मशीनवर, असं ते दृश्य होतं. एका म्हाताऱ्या पारशिणीने केकचा काटा खाली ठेवला आणि नवऱ्याला उठवून नाचायला नेलं. अदी त्यांच्याकडे बघून हसली, आणि मला त्या क्षणी समजलं की हिला पूजा करून घ्यायची नाही, हिला माणसं उठवायची आहेत.

तुझा राग तिच्या जॅझवर नव्हता, हे मला माहीत आहे. तुझा राग तिच्या बोटांवर होता. बराकीतल्या सगळ्या बायका पापड लाटून घर चालवत होत्या, अम्मासुद्धा, आणि अदी पिठाला हात लावत नव्हती, धुणं धूत नव्हती. हार्पच्या तारांनी बोटांच्या टोकांना घट्टे पडतात आणि ते जपावे लागतात. पापडखाराच्या पिठाने आणि साबणाच्या पाण्याने ते सुटतात, मग तारेला हात लावला की रक्त येतं. शेजारणी तिला महाराणी म्हणायच्या. तुला ते टोचायचं. आई राबते आणि ही बोटं जपते, असं तू मला किती वेळा म्हणाला असशील. पण मी दूध घालायला भल्या सकाळी यायचे तेव्हा जे पाहायचे ते तुला दिसत नव्हतं, तू झोपलेला असायचास. अम्मा तुरटीच्या पाण्यात फडकं भिजवून अदीची बोटं एकेक करून पुसायची. अंगठा, पहिलं, दुसरं, तिसरं. करंगळी सोडून द्यायची, कारण हार्पला करंगळी लागत नाही. ते तिला कुणी सांगितलं होतं? ती तर म्हणायची, मला या कटकटीतलं काही कळत नाही.

आता बाबा गेले त्या दिवसांकडे यायला हवं. १९५४चा फेब्रुवारी. बराकीत दुखवट्याची चटई पसरली होती, जिला तुम्ही तडो म्हणता. बारा दिवस घरच्यांनी त्यावर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर रडायचं, आणि घरच्या लेकीने तर दिवेलागणीआधी तिथून हलायचंच नाही. मी बायकांमागे पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी अदी उठली. पदर सारखा केला आणि पिशवी उचलली. परदेशातले काही नावाजलेले वादक त्या दिवशी हॉटेलात बँड ऐकायला येणार होते, कार्यक्रम फार आधी ठरला होता. तू दारात उभा राहून म्हणालास, “आज बापाच्या तडोवरून उठलीस तर परत या चटईवर तुला जागा नाही.” ती म्हणाली, “अदा, बाजूला हो.” तेव्हाही भाऊ म्हणूनच हाक मारली तिने. ती गेली. तू वळून सगळ्यांसमोर म्हणालास की मला बहीण नाही. तुझं वय वीस होतं, बाप जाऊन तीनच दिवस झाले होते. त्याबद्दल मी तुला दोष देत नाही, तेव्हाही दिला नव्हता.

पण एक गोष्ट फक्त मी पाहिली. दाराकडे जायला अदीला अम्माच्या समोरून जावं लागणार होतं आणि वाट नव्हती, एवढ्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. अम्माने तिच्याकडे पाहिलं. मग आपला गुडघा आखडून घेतला आणि तिला वाट दिली. तू दारात होतास, मधे बायकांची दाटी, तुला ते दिसणं शक्य नव्हतं. मी पाच वर्षं त्या गुडघ्याचा अर्थ लावते आहे. ती संमती होती असं मी म्हणत नाही. तू अम्माला विचार.

त्यानंतर तू मला म्हणालास, तिच्याकडे जायचं बंद कर. आपलं काय ठरलं होतं ते आपल्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते मोडलेलंही कुणाला कळलं नाही. मी नाही म्हणाले आणि तू अम्माला घेऊन गांधीधामला गेलास. निरोपही घेतला नाहीस. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली, आणि मला वाटायचं की माणसांना सत्य नीट समजावून सांगितलं की ती जवळ येतात. म्हणून मी अदीला विचारलं, खरं कारण सांग, मी जयदेवला लिहिते. तू गेली नसतीस तर बँड बंद पडला असता का? आठ वादकांची घरं उघड्यावर आली असती का? ती म्हणाली, “नाही गं. एक दिवस माझ्याशिवाय निभावलं असतं त्यांचं.” मग बाबांनी शेवटी तसं सांगितलं होतं का? “तेही नाही. अंजनी, त्याला खोटं काही लिहू नकोस. मला जायचं होतं, म्हणून गेले.” मग म्हणाली, “तडोवर सगळ्याजणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, रडते की नाही म्हणून. मला रडूच येईना. हॉटेलात सगळे माझ्या हातांकडे बघत होते. तिथे रडले.” रिबेलो मास्तरांनी मला नंतर सांगितलं की ते पाहुणे हार्प पाहून आधी हसले होते. मग तिने बाबांच्या दुकानातली एक संथ चाल घेतली आणि ती हळूहळू अशी चढवत नेली की हसणाऱ्यांतला एकजण उठून पियानोवर बसला आणि तिच्यामागून वाजवू लागला. तिचे गाल ओले होते. लोकांना वाटलं, दिव्यांमुळे.

त्याच पाहुण्यांच्या शब्दावर तिला कलकत्त्याला बोलावणं आलं. तिथे दारूबंदी नव्हती, नाचघरं भरलेली होती, दारावरच्या फलकावर तिचं नाव होतं. दोन वर्षं ती तिथे होती. ती मला लिहायची, इथे मला कुणी निर्वासित म्हणत नाही, कुणी महाराणीही म्हणत नाही, नुसतं म्हणतात, जमना, जरा जोरात. ती सुखी होती, जयदेव. हे तुला आवडो न आवडो, मला लिहायलाच हवं. दरवर्षी दिवाळीला ती तुला पाकीट पाठवायची आणि ते न फोडता परत यायचं. त्याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. म्हणायची, “पत्ता तरी बरोबर आहे, एवढं कळतं.”

छप्पन साली ती परत आली. नाचघराच्या मालकाने हार्प काढून गाणारी मुलगी ठेवली होती. मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला हार्प लागायची, पण ती फक्त नायिकेला स्वप्न पडलं की. वरपासून खालपर्यंत एक हात फिरवायचा, झालं काम. “मी आता राष्ट्राची झोप सांभाळते,” असं म्हणून ती हसायची. पण रविवारी रिबेलो मास्तर त्यांचा ट्रंपेट घेऊन इथे अंबरनाथला यायचे. काडेपेटीच्या कारखान्यातला एक कारकून डबल बास, ते माणसाएवढं व्हायोलिन, घेऊन यायचा. ते या खोलीत वाजवायचे, आणि चाळीतल्या बायका तांदूळ निवडता निवडता दारात येऊन बसायच्या. त्यांना जॅझ म्हणजे काय हे कुणी सांगितलं नाही. पण वेणूबाई नावाची इथली एक म्हातारी आहे, ती एका चालीला दरवेळी सूप थांबवायची आणि म्हणायची, “हां, आता ही बाई खरं बोलाया लागली.” मी गेल्या वर्षी ‘नव्या भारतातील कलावंत स्त्री’ असा एक निबंध लिहिला, अदीवरच. मोठ्या उत्साहाने तिला वाचून दाखवला. ती ऐकून म्हणाली, “छान आहे, पण तू माझा पुतळा केलास. पुतळ्याला पाय हलवता येत नाहीत.” तो निबंध मी छापायला दिला नाही.

मी आता इथल्या शाळेत शिकवते. बी. ए. झाले तेव्हा आण्णांनी गावात पेढे वाटले, आणि तेव्हापासून डोक्याला हात लावून म्हणतात, “तुज्या तोलाचा नवरा आणायला आता इमान लागंल.” मी लग्न केलेलं नाही. हे मी तुला कळवण्यासाठी लिहीत नाही, ओघात आलं. मला तुझ्याकडून माझ्यासाठी काहीही नको आहे, हे एवढं स्पष्ट लिहिते, म्हणजे पुढचं तू निर्मळ मनाने वाचशील.

अदीला नोव्हेंबरात कावीळ झाली. आम्हाला वाटलं, उतरेल. आईने कुळगावाहून औषध आणलं, डॉक्टरांचंही चालू होतं. नाताळच्या सुट्टीत मी इथेच राहिले. तिची बोटं मऊ पडत चालली होती आणि ती सारखी अंगठ्याने चाचपून बघायची. तुला पत्र लिहू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “आजारी आहे म्हणून बोलावू नकोस. येईल तो, पण दयेने येईल.” सोमवारी सकाळी ती गेली. अग्नी रिबेलो मास्तरांनी दिला, कारण दुसरं कुणी नव्हतं. भटजींनी त्यांच्या गळ्यातल्या क्रुसाकडे पाहिलं आणि मंत्र पुढे चालू ठेवले. तुला तार केली असती तर जमना वारली एवढं कळलं असतं, आणि कोण वारली ते कळलंच नसतं. म्हणून हे एवढं लिहिलं. घरी आल्यावर मी चटई पसरली. मला तुमचे विधी येत नाहीत, जे पाहिलं होतं ते केलं. त्यावर मी बसते, आई बसते, मास्तरांचे गुडघे वाकत नाहीत तरी ते भिंतीला टेकून काठावर बसतात, वेणूबाई बसते. काल कॅम्पमधल्या तुमच्या जुन्या शेजारणीही आल्या आणि मोठ्याने रडल्या. सगळे आहेत, पण रक्ताचं कुणी नाही. बारावा दिवस पुढच्या शुक्रवारी आहे. हे पत्र अम्माला तुमच्या भाषेत वाचून दाखव, गुडघ्याचंही वाचून दाखव, आणि तिला घेऊन ये. तुला अदीला क्षमा करावीशी वाटत नसेल तर करू नकोस, तिने मागितलेली नाही. नुसता येऊन बस. शुक्रवारी पोचला नाहीस तर शनिवारी ये, त्याच्या पुढच्या शनिवारी ये. मी शास्त्र मोडते आहे हे मला माहीत आहे, पण तू येऊन बसेपर्यंत मी ही चटई उचलणार नाही.

तुला बोलवायचा हक्क नसूनही बोलावणारी, तुझीच
अंजनी